बायोडाट्यावरचं पान

रविवारच्या अंकात छोटी जाहिरात दिली की बुधवारपासून पाकिटं यायला लागायची. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतली आमची फाउंड्री. पंपांना आणि ट्रॅक्टरना लागणारी कास्टिंग्ज आम्ही करायचो. ‘पाहिजेत’ या मथळ्याखाली चार ओळी असायच्या: स्टोअर असिस्टंट, क्वालिटी इन्स्पेक्टर, मेंटेनन्स फिटर, अर्ज पोस्टाने पाठवावा. सायबर या संस्थेतून एमएसडब्ल्यू करून मी तिथे पर्सोनेल विभागात लागले होते. पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर तेव्हाच्या, 1948च्या कारखाना कायद्याप्रमाणे कल्याण अधिकारी नेमावाच लागायचा. आमचा आकडा त्याच्या बराच खाली होता. त्यामुळे भरती, हजेरी, रजा, पीएफ, कँटीनच्या तक्रारी असं सगळं एकाच टेबलावर यायचं. त्या टेबलावर मी सगळ्यांत जास्त वेळ दिला तो बायोडाट्याला टाचलेल्या वरच्या पानाला, म्हणजे कव्हरिंग लेटरला.

ते पान कुणी वाचत नाही, असा सगळीकडे समज आहे. उमेदवाराला वाटतं ते रीत म्हणून जोडायचं असतं, आणि कारखान्यातल्या माणसाला वाटतं ते उलटून खालचे मार्क बघायचे असतात. मी मात्र पहिल्यापासून ते वाचत आले आणि माझं मत पक्कं आहे: अर्जातल्या सगळ्या कागदांत माणूस तेवढ्या एकाच पानावर भेटतो. बाकीचे कागद बोर्डाने, विद्यापीठाने किंवा आधीच्या मालकाने दिलेले असतात. हे एक पान त्याने आपल्यासाठी लिहिलेलं असतं, निदान लिहायला हवं असतं.

त्या काळी बायोडाटे जवळपास एकसारखे असायचे. स्टँडजवळच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात एक तयार फाइल असे. मुलगा नाव, पत्ता, जन्मतारीख, मार्क सांगायचा, दुकानदार जुन्या नावाच्या जागी नवं नाव टाकून प्रिंट काढायचा. त्यामुळे पन्हाळ्याच्या मुलाचं आणि शाहूवाडीच्या मुलाचं जीवनध्येय शब्दाशब्दाने सारखं असायचं: आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावणे. छंद वाचन आणि क्रिकेट. खाली प्रतिज्ञा, की वरील माहिती खरी आहे. यात त्या मुलांचा काही दोष नव्हता. शाळेत अर्जलेखन शिकवतात ते मायन्यासाठी: प्रति कुठे, विषय कुठे, ‘आपला विश्वासू’ उजवीकडे की डावीकडे. मधल्या जागेत काय लिहायचं, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून मधली जागा ‘वरील विषयास अनुसरून विनंती करतो की’ने सुरू व्हायची आणि ‘संधी दिल्यास सोने करीन’पाशी संपायची.

पण अधूनमधून एखादं पत्र थांबायला लावायचं. क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी आलेलं असंच एक पत्र आठवतं. रेघी कागद, निळी शाई, अक्षर बेताचं. मुलाने लिहिलं होतं, की आधीच्या ठिकाणी तो फेटलिंगनंतरच्या, म्हणजे कास्टिंग साफ झाल्यावरच्या, तपासणीवर होता आणि एका कास्टिंगमध्ये सारखे ब्लोहोल निघत होते. रिजेक्शनच्या रजिस्टरात फक्त नग लिहायची पद्धत होती. याने स्वतःच्या वहीत त्या कास्टिंगचं चित्र काढलं आणि भोक जिथे निघेल तिथे रोज फुली मारत गेला. काही दिवसांनी बघतो तर बहुतेक फुल्या एकाच बाजूला, कोअरच्या, म्हणजे आतली पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्याच्या, टोकाशी जमलेल्या. त्याने वही सुपरवायझरना नेऊन दाखवली. कोअरची व्हेंट त्या टोकाला बुजत होती.

फाउंड्रीत काम केलेल्याला यातलं मोल लगेच कळेल. धातू ओतला की कोअरमधला बाइंडर जळून गॅस होतो. त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तो धातूत अडकतो आणि थंड झालेल्या कास्टिंगमध्ये पोकळी राहते. ओलसर वाळूनेही असंच होतं, नीट न भाजलेल्या कोअरनेही होतं. म्हणून ‘ब्लोहोल आले’ एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही. कुठे आले, कधी आले, कोणत्या पाळीत आले, हे टिपणारा माणूस लागतो. या मुलाने ते कुणी न सांगता केलं होतं. त्याच्या डिप्लोमाच्या मार्कलिस्टवर हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, मार्क तसे साधारणच होते. त्या गठ्ठ्यात त्याच्याहून वरचे मार्क असलेली मुलं ढीगभर होती.

आमचे शॉप मॅनेजर जुन्या वळणाचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या काळात हात काळे केलेला माणूस. ते म्हणायचे, “पत्र काय वाचायचं मॅडम, हातात व्हर्नियर देऊ, कळतंय की.” त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. ट्रेड टेस्टची जागा पत्र कधीच घेऊ शकत नाही. पण ट्रेड टेस्टला बोलवायचं कुणाला? गठ्ठा जाड आणि वेळ एका दुपारचा. तिथे मार्कांची चाळणी लावली असती तर हा मुलगा गेटच्या आतही आला नसता. मी ते पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मुलाखतीत त्यांचा पहिला प्रश्न होता, “वही आणलीय का?” त्याने आणली होती. मग मुलाखत राहिली बाजूला, दोघंही वही उघडून टेबलावर वाकले. त्या मुलाला आम्ही घेतलं.

पत्राची खरी गरज मात्र मला दुसऱ्याच अर्जांत जास्त दिसली: ज्यांच्या बायोडाट्यात मधली काही वर्षं रिकामी असतात त्यांच्या. कागदावरची रिकामी वर्षं बघणाऱ्याच्या मनात शंका उभी करतात आणि ती शंका फेडायला उमेदवार समोर नसतो. बायकांच्या अर्जांत तर हे नेहमीचं. स्टोअर असिस्टंटच्या जागेसाठी एका बाईंचा अर्ज आला. बी.कॉम., लग्नाआधी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत थोडी नोकरी, त्यानंतर बायोडाटा कोरा. आमच्या अकाउंट्समधल्या सहकाऱ्याने तो नाकारलेल्या अर्जांत ठेवलाही होता. पत्र मी वाचलं. त्यात सुरुवातीलाच दोन वाक्यांत सांगितलं होतं, की सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, घरी करणारं दुसरं कुणी नव्हतं, ते गेल्यावर आता नोकरी करू शकते. पुढचा सगळा मजकूर कामाचा होता. या वर्षांत बाई गावातल्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ संकलनाच्या नोंदी करत होत्या. सभासदाचं दूध किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती, दर दहा दिवसांनी त्यावरून बिल, पशुखाद्याची उचल त्यातून वजा. ‘बिल वाटपाच्या दिवशी एका सभासदाचा जरी हिशेब चुकला तरी सगळी रांग थांबते, म्हणून आदल्या रात्री मी सगळी बेरीज परत घेते,’ असं त्यांनी लिहिलं होतं.

स्टोअरमध्ये दुसरं काय असतं? माल आला की जीआरएन म्हणजे आवक पावती, बिन कार्डावर नोंद, इश्यू स्लिपशिवाय वस्तू बाहेर नाही, महिनाअखेरीला कार्डावरचा आकडा आणि रॅकमधला नग जुळला पाहिजे. जिच्या नोंदीवर अख्खं गाव पहाटे विश्वास ठेवतं ती बाई हे काम करू शकेल की नाही, याचा विचार करायला फार वेळ लागत नाही. पण दूध संस्थेचं काम ‘अनुभव’ या रकान्यात लिहायचं असतं, हे त्यांना वाटलंच नव्हतं. मानधन किरकोळ, नेमणुकीचा कागद नाही, मग तो अनुभव कसला, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. बायोडाट्याने त्यांना विचारलं होतं: कंपनीचं नाव, हुद्दा, पगार. यातलं काहीच त्यांच्याकडे नव्हतं. पत्राने काहीच विचारलं नव्हतं म्हणून त्यांना खरं ते सांगता आलं.

अशा रिकाम्या वर्षांचा विषय निघाला की मी मुलामुलींना गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचा नोकरीचा अर्ज सांगते. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पाठवलेलं त्यांचं पत्र जगप्रसिद्ध आहे, पण त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, 9 फेब्रुवारी 1912 रोजी, त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या चीफ अकाउंटंटना कारकुनाच्या जागेसाठी लिहिलेला अर्ज माझ्या मते नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. तेव्हा त्यांची अवस्था काय होती? एफ.ए. (फर्स्ट आर्ट्स) ची परीक्षा पदरात पडलेली नाही, गणित सोडून बाकी विषयांनी दगा दिलेला, लग्न झालेलं, हातात पैसा नाही. अर्ज काही ओळींचाच आहे. मॅट्रिक झालो आहे, एफ.ए. पर्यंत शिकलो आहे, काही प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आलं नाही. मात्र सगळा वेळ गणिताला दिला आहे. या जागेवर नेमल्यास कामाला न्याय देऊ शकेन असा मला विश्वास आहे. एवढाच त्याचा आशय. रडगाणं नाही, खोटंही नाही. अडचण एका वाक्यात सांगून संपवली आहे आणि लगेच त्या काळात आपण काय केलं ते सांगितलं आहे. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचं शिफारसपत्र जोडलेलं होतं. 1 मार्च 1912 पासून तीस रुपये पगारावर ते तिथे कारकून झाले. त्या कचेरीत नारायण अय्यर यांच्यासारखे गणित जाणणारे वरिष्ठ होते, अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग होते. जानेवारी 1913 मध्ये हार्डींना पत्र लिहिताना रामानुजननी स्वतःची ओळख पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला कारकून अशीच करून दिली.

हार्डींना लिहिलेल्या त्या पत्राबद्दलही एक गोष्ट मला, वाचणाऱ्या बाजूची म्हणून, फार महत्त्वाची वाटते. केंब्रिजच्या आणखी दोन नामवंत गणितज्ञांना रामानुजननी लिहिलं होतं, त्यातून काही निष्पन्न झालं नाही. हार्डींनाही ते पहिल्यांदा विचित्रच वाटलं, पण त्यांनी आपले सहकारी लिटलवुड यांना बोलावून घेतलं आणि दोघं त्यातल्या सूत्रांवर बसले. पत्राची किंमत लिहिणाऱ्याच्या हातात अर्धीच असते. म्हणून कव्हरिंग लेटर कसं लिहावं याच्या जेवढ्या चर्चा होतात, तेवढ्याच ते कसं वाचावं याच्याही व्हायला हव्यात. मी वाचताना व्याकरण बघत नाही, अक्षर बघत नाही. या माणसाने केलेल्या एखाद्या कामाचं त्यात दर्शन होतं का, आणि आमच्या कारखान्यात काय चालतं हे त्याने जाणून घेतलं आहे का, एवढंच बघते.

पत्र सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. सरकारी भरतीत ठरलेला नमुना असतो, रकाने असतात, परीक्षा असते; तिथे कुणी चार ओळी जास्त लिहिल्या तरी त्यांचा उपयोग नाही, आणि नसावाही, कारण तिथे सगळ्यांना एकच मोजमाप लावणं हाच न्याय आहे. मोठ्या कंपन्या आयटीआयमध्ये येऊन एका दिवसात अप्रेंटिस निवडतात, तिथेही नाही. आमच्याच फाउंड्रीत मोल्डिंगला आणि फेटलिंगला बिहार, उत्तर प्रदेशातून ठेकेदारामार्फत माणसं यायची. त्यातल्या कुणाला पत्र मागणं म्हणजे त्याची वाट अडवणं झालं असतं. पत्राची जागा मधली आहे: लहान-मध्यम कारखाने, शाळा, दवाखाने, पतसंस्था, वाचनालयं. जिथे अर्ज वाचणारा आणि उद्या शेजारी काम करणारा माणूस एकच असतो, तिथे पत्र कामाला येतं.

जिल्ह्यातल्या एका आयटीआयने मला फिटर-टर्नरच्या मुलांशी बोलायला बोलावलं, तेव्हा मी फळ्यावर मायना लिहिलाच नाही. सगळ्यांना कोरा कागद दिला आणि म्हटलं, तुम्ही हाताने केलेलं एक काम लिहा. बराच वेळ कुणाचं पेन हलेना. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. “मॅडम, आमच्याकडं लिवण्यासारखं काय न्हाई.”

“सुट्टीत काय करतोस?”

“गुऱ्हाळावर असतोय. सीझनला.”

“तिथं काय करतोस?”

“चरकाकडं. बेअरिंग गेलं की बदलतोय. पट्टा तुटला की जोडतोय.”

“एकटा?”

“आधी चुलता होता. आता एकटाच.”

मी म्हटलं, हेच लिही. बेअरिंग गेलंय हे तुला कशावरून कळतं, तेही लिही. तो खाली बसला. तास संपला तरी लिहीत होता. आवाज बदलतो, मग हाउसिंगला हात लावला तर चटका बसतो, असं त्याने लिहिलं होतं. रात्री चरक बंद पडला तर तोडून आणलेला ऊस वाळतो, उतारा घटतो आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं, म्हणून एक जास्तीचं बेअरिंग आपण मालकाला आधीच आणून ठेवायला लावतो, असंही लिहिलं होतं. हे शेवटचं वाक्य वाचून मला जो आनंद झाला तो मी त्याला बोलून दाखवला. मेंटेनन्सचा माणूस दुरुस्ती करतो, चांगला मेंटेनन्सचा माणूस बंद पडण्याआधी तयारी ठेवतो. त्याच्या बायोडाट्यात, दुकानातून आणलेल्या त्या सुबक इंग्रजी कागदात, यातलं एक अक्षर नव्हतं. तो कागद त्याला स्वतःला नीट वाचताही येत नव्हता.

इंग्रजीचा हा धाक मला फार टोचतो. कोल्हापुरातल्या कारखान्यात, जिथे सुपरवायझरपासून मालकापर्यंत सगळे दिवसभर मराठीत बोलतात, तिथल्या नोकरीसाठी मुलाने न समजणाऱ्या भाषेत अर्ज का करावा? एक्सपोर्टच्या पत्रव्यवहाराची जागा असेल तर इंग्रजी बघा, जरूर बघा. फिटरला कशाला? आमच्या मालकांशी बोलून मी जाहिरातीच्या शेवटी एक ओळ घालून घेतली: ‘बायोडाट्यासोबत, आपण केलेल्या एका कामाविषयी अर्धं पान लिहावे. मराठीत चालेल.’ अर्ज कमी आले. पण आलेल्या अर्जांत वाचण्यासारखं पुष्कळ होतं, आणि मुलाखतींना बसणारे शॉप मॅनेजर आता स्वतःहून विचारायचे, “अर्धं पान कुठंय याचं?”

निवृत्तीनंतरही ओळखीचे कारखानदार अर्ज चाळायला बोलावतात. आता पाकिटं नाहीत, ईमेल असतात, आणि गेल्या काही वर्षांत, 2022च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून, पत्रांचं रूप पार पालटलं आहे. इंग्रजी निर्दोष, परिच्छेद नेटके, कंपनीच्या वेबसाइटवरचे शब्द जागच्या जागी. झेरॉक्सच्या दुकानातली ती एक फाइल जणू घरोघर पोचली आहे. काहीजण म्हणतात, आता पत्राला अर्थच उरला नाही. मला तसं वाटत नाही. ज्याला भाषा साथ देत नव्हती त्याला मदत मिळाली तर चांगलंच आहे. पूर्वीही कुणी मास्तरांकडून लिहून घ्यायचं, कुणी मोठ्या भावाकडून. प्रश्न एवढाच, की आत त्या माणसाचं काम आहे की नाही. बुजलेली व्हेंट, बिलाच्या आदल्या रात्रीची बेरीज, हाउसिंगचा हाताला बसलेला चटका हे यंत्राला आपणहून ठाऊक नसतं, ते उमेदवारालाच सांगावं लागतं. म्हणून आता मी पत्रातलं एखादं वाक्य धरून थेट फोन करते: तुम्ही लिहिलंय की रिजेक्शन कमी केलं, कुठल्या कास्टिंगचं, कसं? ज्याने केलेलं असतं तो बोलत सुटतो, थांबवावं लागतं. ज्याने केलेलं नसतं त्याच्याही आवाजावरून कळतं आणि मग मी त्याला विचारते, बरं, तुम्ही खरोखर केलेलं काय आहे? बऱ्याचदा काहीतरी निघतंच. तेवढं लिहून परत पाठवा, म्हणून सांगते.

आणि उत्तर. मनापासून लिहिलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, हा नियम मी नोकरीत असताना पाळला. छापील पोस्टकार्ड नव्हे. त्याच्या पत्रातली एखादी गोष्ट धरून दोन ओळी. जागा भरली, पण तुमचं अमुक काम आम्हाला आवडलं, पत्र जपून ठेवत आहोत. आणि खरोखर ती पत्रं मी वेगळ्या फाइलला लावून ठेवायची. त्या गुऱ्हाळाच्या मुलाने आयटीआय संपल्यावर आमच्याकडे फिटरच्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा जागा एकच होती आणि ती जास्त अनुभव असलेल्या माणसाला गेली. त्याला उत्तर पाठवलं, त्याचं अर्धं पान फाइलला लावलं. पुढे सँड प्लांटच्या मेंटेनन्सला माणूस हवा झाला. तिथे वाळू वाहणारे कन्व्हेयर, धूळ खाऊन जाणारी बेअरिंग्ज, फाटणारे पट्टे. नव्याने जाहिरात द्यायची का, असं शॉप मॅनेजरनी विचारलं. मी फाइल उघडून ते पान त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, “जाहिरात नको. याला सोमवारी ट्रेड टेस्टला बोलवा.”